दिव्यांच्या झोताबाहेर

आमच्या विद्यार्थीमित्रांना चित्रपटाविषयी जितकी उत्सुकता असते, तितकी अन्य कलांविषयी क्वचितच असते. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीस भरू लागला आणि तारे-तारकांचा थाट आपल्या दाराशीच आला. लाल गालिच्यावरून चालणाऱ्या नटनट्यांची छायाचित्रे पेडण्यातील व डिचोलीतील मुलेही कौतुकाने पाहतात. यात गैर काही आहे असे आम्हांस वाटत नाही. सुंदराची ओढ हा तारुण्याचा धर्मच आहे. मात्र या थाटाचा प्रकाश कोणावर पडतो आणि कोणावर पडत नाही, याचा विचार सुज्ञ प्रेक्षकाने अवश्य केला पाहिजे.

चित्रपटाच्या पहिल्या खेळाचा असा सोहळा करण्याची प्रथा हॉलिवुडने रूढ केली. १८ ऑक्टोबर १९२२ रोजी तेथील इजिप्शियन थिएटरात डग्लस फेअरबँक्सच्या ‘रॉबिन हुड’चा पहिला खेळ झाला, हॉलिवुडमधील अशा समारंभांचा आरंभ याच रात्री झाला असे मानतात. पुढे आकाशात फिरणारे प्रकाशझोत, मोटारींची रांग आणि रस्त्यावर लोटलेली गर्दी हे सारे ठरूनच गेले. हे वैभव आपोआप उमलत नसे. चित्रसंस्था ते पद्धतशीर घडवीत. जोन क्रॉफर्ड या विख्यात नटीचे ते नावसुद्धा १९२५ साली एका नियतकालिकाच्या वाचकांत स्पर्धा लावून निवडलेले होते!

या झगमगाटाची दुसरी बाजू १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा शहरात दिसली. ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ तेथे मोठ्या थाटात झाला. क्लार्क गेबल व विव्हियन ली यांचा जयजयकार झाला. परंतु त्याच चित्रपटात अविस्मरणीय भूमिका करणारी हॅटी मॅकडॅनियल त्या सोहळ्याला नव्हती. ती कृष्णवर्णीय होती आणि तेथील वर्णभेदाच्या नियमांनी तिला मज्जाव केला होता. अवघ्या अडीच महिन्यांत, २९ फेब्रुवारी १९४०ला, याच भूमिकेसाठी तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. त्या रात्रीही तिला बसावयास वेगळे टेबल दिले होते. गुण थोर, पण आसन दूर!

आपल्याकडील इतिहासही याहून फार निराळा नाही. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसमोर दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रथम दाखवला गेला. तारामतीच्या भूमिकेसाठी फाळक्यांनी पुष्कळ शोध केला. परंतु स्त्रीने कॅमेऱ्यापुढे उभे राहणे तेव्हा इतके कमीपणाचे मानले जाई की कोणीच तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवून तारामती करावे लागले. आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई? त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत, फिल्मला भोके पाडीत, ती धुण्याच्या कामीही हात लावीत. त्यांचे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

पुढे एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात तीच तारामती दुर्गा खोटे यांनी रंगवली. मूळच्या गोव्याच्या लाड घराण्यातील, महाविद्यालयात शिकलेल्या या स्त्रीने टीकेची पर्वा केली नाही. तिच्या पावलांमागून किती मुलींना वाट मोकळी झाली! कोणत्याही गालिच्याहून हे पाऊल आम्हांस मोलाचे वाटते.

आपल्या गोमंतकातही पहिल्या खेळाची आठवण जपली जाते. २४ एप्रिल १९५० रोजी ‘मोगाचो आंवडो’ हा पहिला कोंकणी चित्रपट म्हापशास प्रदर्शित झाला. तो दिवस कोंकणी चित्रपटदिन म्हणून पाळतात. पण पडद्याच्या कितीतरी आधीपासून पेडण्याच्या जत्रांतून दशावतार रात्ररात्र रंगत आला आहे. तेथील नट आपला चेहरा आपणच रंगवतो, लिखित संहितेवाचून संवाद रचतो, पुरुष असूनही राणीचा शोक असा करतो की मांडवातील आयाबाया पदर डोळ्यांना लावतात. डिचोलीच्या गावोगावी ग्रामस्थ जत्रेला हौसेने नाटके बसवतात. पहाटे रंग पुसून हे कलावंत आपापल्या कामाला लागतात. त्यांच्यासाठी गालिचा कोणी अंथरत नाही.

कोणी म्हणेल, “तारकांचा झगमगाट नसता तर चित्रपटगृहे भरली असती काय?” हा आक्षेप खरा आहे. लोकांना खेचून आणण्याची शक्ती त्या झगमगाटात आहेच. परंतु दिवा वाट दाखवण्यासाठी असतो. दिव्यालाच मुक्काम समजू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

विद्यार्थीमित्रहो, आरंभ आपल्या शाळेपासूनच करू या. स्नेहसंमेलनात नायकाचे नाव टाळ्यांच्या गजरात घेतले जाते. पडदा ओढणारा, पेटी वाजवणारा, वेषभूषा शिवून देणारी मुलगी यांची नावेही त्याच मंचावरून, त्याच आवाजात घेतली जावीत. गावातील एखाद्या दशावतारी कलावंतास प्रमुख पाहुणा म्हणून सन्मानाने बोलवावे. चित्रपट पाहताना शेवटची नामावली संपेपर्यंत जागेवर बसावे. तारकांवर प्रेम अवश्य करा; पण गुणाची पारख झोताच्या उजेडात करू नका. झोत पुढे सरकतो, केलेले काम मात्र मागे उरते.