जुना आयफोन घेताय? किती जुना ते नको, किती उरलाय ते विचारा

आमच्या सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी दिवाळीनंतर मुलाला फोन घेऊन दिला. पोरगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. साडेआठ हजारांचा सेकंडहँड आयफोन ७, तीन हप्त्यांत. त्यातला एक हप्ता आमच्याकडून घेतलेल्या उचलीचा, म्हणून मला आकडा माहीत. दोन आठवड्यांनी ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "दादा, त्याच्या फोनमधी बँकेचं ॲप बसंना. दुकानदार म्हनतो फोन चांगलाय. तुमी जरा बघता का?"

संध्याकाळी पोरगा फोन घेऊन आला. फोन खरंच चांगला होता. काचेवर ओरखडा नाही, फोटो माझ्या फोनपेक्षा बरे. सेटिंगमध्ये पाहिलं तर आयओएस १५. हा फोन बाजारात आला २०१६ मध्ये, आणि त्याला मिळालेली शेवटची मोठी आवृत्ती २०२१ ची. अधूनमधून सुरक्षेची डागडुजी येते, पण पुढची आवृत्ती येणार नाही. बँकेच्या ॲपला नेमकी ती पुढची हवी होती. म्हणजे पोराचा फोन बिघडला नव्हता, त्याची मुदत त्याने घ्यायच्या आधीच सरली होती. आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कमेंटमध्ये एक प्रश्न येणारच, म्हणून आधीच बोलून टाकतो. "ऐपत नाही तर आयफोन कशाला?" सेकंडहँड बुलेट घेणाऱ्याला आपण हे विचारत नाही. अठरा वर्षांच्या पोराला वर्गातल्या चार जणांसारखा फोन हवासा वाटला, आईने पैसे जमवून दिला. विषय संपला. माझा प्रश्न वेगळा आहे. औषधाच्या पट्टीवर, बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. मग दोन महिन्यांच्या कमाईच्या वस्तूवर का नाही?

मी स्वतः यात एकदा पोळलोय. दहाएक वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाला म्हणून विंडोज फोन घेतला, त्यावर बातम्याही टाइप केल्या. पुढे ती अख्खी प्रणालीच बंद झाली. बातमीदार असून आधी चौकशी केली नाही, चूक माझीच. पण ताईंनी चौकशी करायची म्हणजे नेमकी कुठे?

फोन एकदम मरत नाही. आधी कंपनी नवीन आवृत्ती द्यायची थांबते, मग दोन-तीन वर्षांत एकेक ॲप हात काढून घेतं. ५ मे २०२५ पासून व्हॉट्सॲपने आयओएस १५.१ च्या खालचे फोन सोडले. त्यात आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस गेले. आयफोन ७ त्या रेषेच्या जेमतेम वर आहे. आज व्हॉट्सॲप चालतंय म्हणून दुकानदार "चालू आहे की" म्हणतो, आणि त्याचं शब्दशः खोटंही नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, एक ॲप नाही चाललं. पण आधारचा ओटीपी, डिजिलॉकर, यूपीआय, लाडक्या बहिणींची ई-केवायसी, गावाकडे ई-पीक पाहणी, हे सगळं फोनवरून करा म्हणून सरकारच सांगतंय. सरकारी खिडकी जर फोनमध्येच नेऊन ठेवली असेल, तर त्या फोनला अजून किती वर्षं आहेत हे कळणं हा चैनीचा प्रश्न राहत नाही.

पोराला घेऊन मी आधी आपल्या माळवाडीतल्या दोन-चार दुकानांत गेलो, मग रविवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला. आयफोन एक्सआर १३ हजार, आयफोन ११ साडेसतरा हजार. एक २०१८ चा, दुसरा २०१९ चा. लांबून पाहिले तर सख्खी भावंडं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये आयओएस २६ आलं ते ११ ला मिळालं, एक्सआरला नाही. हा फरक एकाही दुकानदाराने आपणहून सांगितला नाही. विचारल्यावर एकजण म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक कलर विचारतं, बॅटरी विचारतं. हे तुम्हीच पहिले."

बरं, अँड्रॉइडवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही. जुन्या अँड्रॉइडचे हाल याहून वाईट. दोन-तीन वर्षांत अपडेट बंद पडलेले कित्येक फोन घराघरांत आहेत. अलीकडे चित्र बदललंय. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचा शब्द दिला, आणि २०२४ अखेर आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचा. तो नवा कोरा फोन सेकंडहँड ११ च्या जवळपासच्या पैशात मिळतो. मी असतो तर तोच घेतला असता. पोराला सांगून पाहिलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना आणखी एक फसगत होते, याचीही झाली. दुकानदाराने जुना फोन एक्सचेंजमध्ये तिथल्या तिथे घेतला आणि पुसून टाकला. व्हॉट्सॲपच्या गप्पा अँड्रॉइडवरून आयफोनवर नेता येतात, २०२२ पासून ती सोय आहे. पण त्यासाठी दोन्ही फोन हातात लागतात, आणि आयफोन अगदी सुरुवातीच्या मांडणीत असावा लागतो. पोराच्या वर्षभराच्या नोट्स गेल्या. नोट्स मित्रांकडून मिळतील म्हणाला. गावाकडच्या आजीचे आवाजातले मेसेज होते, ते गेले. तेव्हा जुना फोन निदान आठवडाभर घरात ठेवा, शे-दोनशे कमी मिळाले तरी चालतील. यूपीआयसुद्धा नव्या फोनवर पुन्हा बांधावं लागतं आणि सुरुवातीला पाच हजारांची मर्यादा असते. फी भरायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

चोरीचा फोन गळ्यात पडू नये म्हणून स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, आयएमईआय नंबर येईल. इंग्रजी कॅपिटलमध्ये के वाय एम, मग एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. यासाठी कुठलंही ॲप लागत नाही. (संचार साथी ॲप प्रत्येक फोनमध्ये आधीच टाकून देण्याचा सरकारचा आदेश डिसेंबर २०२५ मध्ये मागे घ्यावा लागला. घेतला ते बरं झालं, पण ही मेसेजची सोय चांगली आहे, तिचा राग त्या ॲपवर काढू नका.) आयफोन असेल तर जुन्या मालकाचं ॲपल खातं निघालंय ना, ते पैसे देण्याआधी पाहा. नाहीतर हातात वीट येते. सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता दिसते, आणि ११ सारख्या मॉडेलमध्ये स्क्रीन किंवा बॅटरी बदलली असेल तर तेही दिसतं.

आणि बिल. ताईंना बिल दिलंच नव्हतं, व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने रक्कम लिहून दिली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. जुना माल असला तरी. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर. आम्ही दुकानात परत गेलो तेव्हा मी फक्त तो नंबर दाखवला. बरीच घासाघीस झाल्यावर सहा हजारांत फोन परत घेतला. अडीच हजार गेले ते गेले. दुकानाचं नाव कृपया इनबॉक्समध्ये विचारू नका, सांगणार नाही. असं एकच दुकान आहे असं समजण्यात अर्थही नाही.

दिल्लीत याचा विचार झालेला आहे. मोबाईल किती दुरुस्त होऊ शकतो याचा निर्देशांक छापावा, असा अहवाल ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने मे २०२५ मध्ये दिला. त्याच्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटही आहे. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झाला: शेवटचा नग विकल्यानंतरही पाच वर्षं अपडेट द्यायचे, सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे माझी मागणी त्याहून लहान आहे. खोक्यावर एक ओळ छापा: या फोनला अपडेट अमुक सालापर्यंत. आणि जुना फोन विकणाऱ्याने तीच ओळ बिलावर लिहायची. कंपनीला यात खर्च शाईचा.

पोरगा सध्या आईचा जुना फोन वापरतोय, सहा हजार घरात आहेत, आणि शनिवार-रविवार केटररकडे कामाला जातोय. काल रात्री त्याचा मेसेज आला: "काका, ११ मिळतोय १६ मध्ये. बॅटरी ८१. घेऊ का?"

मी विचारलं, बिल देतोय का. अजून उत्तर आलेलं नाही.