शांघायला पाऊस लागला तर

येत्या जूनमध्ये पाठीवर सॅक टाकून शांघायला जायचा बेत असेल, तर पाऊस लागणार हे धरूनच निघा. जूनच्या मध्यापासून तीन-चार आठवडे यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यावर ढग ठाण मांडून बसतात. वर्षाचा हिशेब केला तर शांघायचा पाऊस मुंबईच्या जवळपास निम्माच, पण त्याची तऱ्हा निराळी. एकदा दणकून कोसळावं आणि मोकळं व्हावं, असा त्याचा स्वभाव नाही. दिवसभर रिपरिप, हवेत ओल, आणि रात्री धुतलेले मोजे सकाळी तसेच ओले. 2025च्या अखेरीस भारत आणि चीनमधली थेट विमानं पुन्हा सुरू झाली, त्यामुळे तिकडे जाणं आता सोपं झालंय. जे जातील त्यांनी पाऊस दिसला म्हणून हॉस्टेलात मोबाइल कुरवाळत बसू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पहिली गोष्ट म्हणजे अशा दिवशी उंचावर चढू नका. शांघाय टॉवर 632 मीटर उंच आहे आणि शहर पाहायची जागा 118व्या मजल्यावर. खालून इमारतीचा शेंडा दिसत नसेल, तर वरून शहर दिसणार नाही, इतकं हे गणित सोपं आहे. तरी लोक तिकीट काढतात, काचेपलीकडचा पांढरा ढग पाहतात आणि उतरतात. ते पैसे उघडीप मिळेल त्या दिवसासाठी राखून ठेवा.

पावसाचा दिवस आत शिरून पाहायचा. मोठी सॅक हॉस्टेलच्या लॉकरमध्ये ठेवा, कारण मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनावर सामान तपासणीच्या यंत्रातून जातं आणि ओली, अवजड पिशवी तिथे सगळ्यांनाच नकोशी होते. मग दोन नंबरची मेट्रो धरून नदीपलीकडे फुदोंगला जा. शांघाय म्युझियमची नवी पूर्वेकडची वास्तू 2024मध्ये उघडली. प्रवेशाला पैसे नाहीत, मात्र पासपोर्ट जवळ हवा. साप्ताहिक सुट्टी कधी आणि आगाऊ नोंदणी लागते का, हे आदल्या रात्रीच बघून ठेवा. दारात छत्रीसाठी प्लॅस्टिकची लांब पिशवी मिळते, ती घ्या.

आत गेल्यावर सगळी दालनं उरकायच्या मागे लागू नका. ब्राँझच्या दालनात 'दा क दिंग' नावाचं तीन पायांचं अवाढव्य भांडं आहे, त्याच्यापुढे वेळ काढा. पश्चिम चौ राजवटीतलं, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं, वजन दोनशे किलोंच्या वर, आतल्या बाजूला कोरलेला लांबलचक लेख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते जमिनीतून निघालं आणि सुचौच्या पान घराण्याकडे आलं. 1937मध्ये जपानी फौजा येताना घराची सूत्रं पान दायू या तरुण विधवेच्या हाती होती. तिनं हे भांडं आणि त्याच्याच तोडीचं दुसरं एक, अशी दोन्ही घरातच जमिनीखाली पुरली. जपान्यांनी घर धुंडाळलं, हाती काही लागलं नाही. 1951मध्ये तिनं दोन्ही भांडी सरकारला देऊन टाकली. एक आज बीजिंगला आहे, दुसरं तुमच्यासमोर. बाहेर ऊन असतं तर या भांड्यापुढे कोण इतका वेळ थांबलं असतं?

दुपारी त्याच मेट्रोनं परत ईस्ट नानजिंग रोडला उतरा आणि नदीकाठच्या बंडकडे चाला. रस्त्याच्या टोकाला हिरव्या निमुळत्या छपराचं पीस हॉटेल लागतं. 1929मध्ये ते व्हिक्टर ससून यांनी बांधलं. होय, आपलेच ससून: पुण्याचं रुग्णालय, कुलाब्याचा ससून डॉक, काळा घोड्याजवळचं वाचनालय, सगळं त्याच घराण्याच्या नावाचं. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आले, कापूस आणि अफूच्या व्यापारात घराण्यानं अमाप पैसा केला, आणि ती अफू चीनच्याच गळी उतरवली गेली होती. रुग्णालयाचे आभार मानताना हेही माहीत असलेलं बरं. हॉटेलात राहणं आपल्या खिशाचं काम नाही, पण खालचा दिवाणखाना डोकावून पाहता येतो. तिथून दक्षिणेला थोडं चाललं की 1923ची जुनी हाँगकाँग बँक लागते. बँकेच्या वेळात आत जा आणि घुमटाकडे मान वर करा. बारीक रंगीत तुकड्यांत आठ शहरांची चित्रं आहेत, त्यांत लंडन-पॅरिसच्या पंगतीला कलकत्ता बसलंय. फोटो काढायला मनाई आहे. वाद घालू नका.

खाण्याचं म्हणाल तर मांसाहारी माणसाची पावसात चंगळच आहे: वाफाळलेले, आत रस्सा भरलेले शाओलोंगबाव. शाकाहाऱ्यांनी मात्र 'भाजी द्या' एवढ्यावर विसंबू नये, भाजीतही डुकराची चरबी किंवा खिमा निघतो. मी मांस, मासे, चरबी खात नाही, हे चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. आपल्या तोंडून चिनी उच्चार नीट निघतीलच याची हमी कोण देणार? जेड बुद्ध मंदिरात शाकाहारी नूडल्स मिळतात. 1922पासून चाललेलं गोंगदलिन हे जुनं शाकाहारी हॉटेलही आहे. तिथले मांसाची नक्कल केलेले पदार्थ काहींना आवडतात. मला त्यात अर्थ वाटत नाही.

आता जरा कान देऊन ऐका. आम्ही मुंबईचा पाऊस काढलाय, हा तोरा तिकडे मिरवू नका. 20 जुलै 2021 रोजी चंगचौ शहरात एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस झाला, मेट्रोत पाणी शिरलं आणि 14 प्रवासी दगावले. चीनमध्ये अतिवृष्टीचे इशारे निळा, पिवळा, नारिंगी आणि लाल अशा चढत्या क्रमानं देतात. नारिंगी लागला तर बेत आवरा, लाल लागला तर जिथे आहात तिथेच वरच्या मजल्यावर थांबा. दाट धुक्यात नदीवरची होडी बंद होते, तेव्हा काठावर ताटकळू नका, मेट्रोनं पलीकडे जा. आणि विजेवरच्या स्कूटरांपासून सांभाळा. आवाज येत नाही, चालकानं रेनकोटची टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली असते आणि पावसात तो फुटपाथही सोडत नाही.

फोन भिजला तर तुमचं पाकीट, नकाशा आणि दुभाषा तिन्ही एकदम गेले असं समजा, कारण जवळपास सगळे व्यवहार त्याच्यावरच चालतात. तो झिपच्या पिशवीत ठेवा, आणि थोडे युआन रोख वेगळ्या खिशात असू द्या.

रात्री बुटांत जुने कागद कोंबा, हॉस्टेलात ड्रायर असेल तर रांगेत लवकर उभे राहा. दुसऱ्या दिवशीही पाऊस असेल तर हाँगकौ भागातलं ज्यू निर्वासितांचं संग्रहालय पाहा. 1927च्या सिनेगॉगभोवती ते उभं आहे. नाझींच्या छळातून सुटलेल्या सुमारे वीस हजार ज्यूंना शांघायनं आसरा दिला होता, आणि त्यांच्यातल्या कित्येकांना आल्या-आल्या डोक्यावर छप्पर मिळालं ते व्हिक्टर ससून यांच्याच एका इमारतीत.