पीएलसीचा पहिला धडा स्टार्टरच्या पेटीत

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात ऊस, केळी किंवा पपई करणाऱ्या शेतकऱ्याला पीएलसी म्हणजे काय असे विचारले, तर तो बहुधा नकारार्थी मान हलवेल. विहिरीवरच्या स्टार्टरचे झाकण उघडून मात्र विचारून पाहा. हिरव्या बटणावरचे बोट काढले तरी मोटर चालू कशी राहते, आणि लाईट जाऊन परत आली की ती बंदच का असते? त्याला उत्तर ठाऊक असते. बटण दाबले की कॉन्टॅक्टर ओढला जातो. त्याचाच एक कॉन्टॅक्ट बटणाला समांतर जोडलेला असतो, त्यामुळे बोट काढले तरी कॉइलचा पुरवठा टिकतो. पॅनेलवाले याला होल्डिंग म्हणतात. लाईट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि होल्डिंगही तुटते. एवढे ज्याला कळले, त्याचा पीएलसी या औद्योगिक कंट्रोलरच्या प्रोग्रामिंगमधला पहिला धडा झालेला आहे. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, आणि मग ती 'पंधरा दिवसांत ऑटोमेशन इंजिनिअर' अशा जाहिरातींमागे धावतात.

पीएलसीचा जन्मच इलेक्ट्रिशियनच्या सोयीसाठी झाला. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंनी भरलेल्या अवाढव्य पॅनेलना पर्याय मागितला. गाडीचे मॉडेल बदलले की ती पॅनेले नव्याने वायर करावी लागत, आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जाई. डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे यंत्र दिले ते मोडिकॉन ०८४. तारा बदलण्याऐवजी त्याच्या स्मृतीतला प्रोग्राम बदलायचा. हा प्रोग्राम कारखान्यातल्या वायरमनला वाचता यावा म्हणून तो त्याच्या ओळखीच्या रिले सर्किटसारखाच काढला गेला. दोन उभ्या रेषा आणि त्यांच्या मधे पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी, म्हणून नाव लॅडर. पुढे १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकाने लॅडरसह पाच भाषा मान्य केल्या, तरी दुरुस्तीच्या कामात आजही सगळ्यात जास्त उघडला जातो तो लॅडरच. संगणकशास्त्राची पदवी नसलेल्याने या वाटेला जाऊ नये, हा समज म्हणूनच उलटा आहे. सी किंवा पायथॉन येणाऱ्या मुलापेक्षा ज्याने डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर स्वतःच्या हाताने वायर केला आहे, तो इथे चार पावले पुढून सुरुवात करतो.

सॉफ्टवेअर उघडले की पहिल्यांदा समजून घ्यायची ती पीएलसीची फेरी, म्हणजे स्कॅन. तो आधी सगळे इनपुट एकदम वाचतो, मग प्रोग्राम वरून खाली ओळीमागून ओळ चालवतो, शेवटी आउटपुट लिहितो. काही मिलिसेकंदांत हे आटोपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हे डोक्यात नसले की नवशिका हमखास एका ठिकाणी अडकतो. मोटरचे आउटपुट, समजा वाय०, तो तिसऱ्या ओळीत एका अटीवर चालू करतो आणि विसाव्या ओळीत दुसऱ्या अटीवर पुन्हा तेच लिहितो. स्क्रीनवर तिसरी ओळ पूर्ण हिरवी दिसते, पण मोटर हलत नाही. कारण फेरीच्या शेवटी विसाव्या ओळीने जे लिहिले तेच बाहेर जाते. एका आउटपुटची कॉइल प्रोग्राममध्ये एकदाच यावी, हा नियम पाठ करण्यापेक्षा एकदा असे अडकून पाहिलेले चांगले लक्षात राहते.

दुसरा गोंधळ लाल बटणाचा. स्टॉप बटण नेहमी एनसी, म्हणजे न दाबलेल्या स्थितीत जोडलेले असे वायर करतात. त्याची तार उंदराने कुरतडली किंवा टर्मिनलमधून निसटली, तरी मशीन थांबावे हा त्यामागचा हेतू. पण याचा अर्थ बटण कोणी दाबलेले नसताना पीएलसीच्या इनपुटवर चोवीस व्होल्ट येतच असतात. म्हणून लॅडरमध्ये त्याच स्टॉपचा कॉन्टॅक्ट एनओ, म्हणजे एरवी उघडा, काढावा लागतो. कागदावरचे जुने रिले सर्किट जसेच्या तसे उतरवणारा मुलगा इथे एनसी काढतो, आणि मशीन चालूच होत नाही. मग तो वैतागून बटणच एनओ लावतो. मशीन चालू होते, मास्तरही शाबासकी देतात, आणि तार तुटेल त्या दिवशी ते मशीन थांबवायला स्टॉप बटण कामी येणार नाही. इमर्जन्सी स्टॉपच्या बाबतीत तर केवळ प्रोग्रामवर विसंबून चालतच नाही; त्याने कॉन्टॅक्टरचा पुरवठा थेट तारेतूनच तोडला पाहिजे.

पुन्हा विहिरीवर येऊ. रात्री-बेरात्री लाईट येते, उठून शेतात कोण जाणार, म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरला 'ऑटो' लावून घेतले. लाईट आली की मोटर आपोआप चालू होते. महावितरण ते काढून टाकायला वर्षानुवर्षे सांगत आहे, कारण फीडरवरचे सगळे पंप एका क्षणी सुरू होतात आणि त्या धक्क्याने रोहित्र जळते. शेतकऱ्याची अडचण खरी आहे आणि महावितरणचे म्हणणेही खरे आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यासाठी मात्र याहून चांगले गणित पुस्तकात सापडणार नाही. वीज परत आल्यावर मशीनने काय करावे? होल्डिंगची ओळ असेल तर मोटर बंद राहील. सेट-रिसेट वापरले आणि तो बिट वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवला, तर लाईट येताच मोटर फिरू लागेल, मग तिच्या कपलिंगवर कोणाचा हात असो वा नसो. चार पंप आपोआप सुरू करायचेच असतील, तर प्रत्येकाला वेगळा टायमर देऊन दहा-दहा सेकंदांच्या अंतराने उठवता येतात. पाण्याची पातळी खाली असेल तर उठवूच नयेत, हीही एक अट. तापीवरच्या प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजमधून पाणी उचलणाऱ्या योजनांचा आकार मोठा, पण पंपांचा प्रश्न याच जातीचा.

याच्या पुढची पायरी साखर कारखान्यात पाहायला मिळते. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर, नवापूर तालुक्यातल्या डोकाऱ्याचा आदिवासी सहकारी, समशेरपूरचा खासगी, असे कारखाने जिल्ह्यात आहेत. मळीपासून साखरेचे दाणे वेगळे करणारे बॅच पद्धतीचे सेंट्रिफ्युगल घ्या. जाळीच्या पिंपात सावकाश फिरताना माल घ्यायचा, मग मिनिटाला हजारावर फेऱ्यांचा वेग द्यायचा, पाण्याचा फवारा मारून दाणे धुवायचे, ब्रेक लावून वेग उतरवायचा आणि पात्याने साखर खरवडून खाली सोडायची. असे चक्र पाळीभर चालते. नवशिक्याने या यंत्राचा प्रोग्राम लिहायला घेण्यापूर्वी कोऱ्या कागदावर प्रत्येक टप्प्यापुढे दोन प्रश्नांची उत्तरे मांडावीत. पुढच्या टप्प्यावर कशाने जायचे, वेळेने की सेन्सरने? आणि अपेक्षित सिग्नल आलाच नाही तर काय? खरवडणारे पाते मागे आपल्या जागी परतल्याचा सेन्सर लागलेला नसताना पिंपाला वेग द्यायचा नाही. वेग पुरेसा उतरलेला नसताना पाते आत घालायचे नाही. असा कागद पूर्ण झाला की लॅडर लिहिणे हे बरेचसे हातकाम उरते. हा कागद लिहायला सगळ्यात लायक माणूस त्या मशीनवर दहा हंगाम उभा राहिलेला ऑपरेटर असतो. त्याला लॅडर येत नसेल, पण पाते कधी अडकते ते त्याला माहीत असते. कागद अहिराणीत लिहिला तरी चालेल. पीएलसीला त्याची काही पडलेली नसते, आणि पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पोराला इंग्रजी मॅन्युअलपुढे दबून जायचे कारणही उरत नाही. मॅन्युअल वाचायला लागतेच, ते पुढे.

साधनांचा खर्च आता अडसर राहिलेला नाही. कोडेसिस मोफत उतरवून त्याच्या सिम्युलेटरवर पीएलसीशिवाय प्रोग्राम चालवून पाहता येतो. ओपनपीएलसीही मोफत आहे. डेल्टाच्या छोट्या पीएलसीचे सॉफ्टवेअर कंपनी फुकट देते आणि तो पीएलसी काही हजार रुपयांत येतो. पुण्याच्या मेसुंगसारख्या भारतीय कंपन्याही पीएलसी बनवतात. ब्रँड कोणता यावर घासाघीस करू नये. सीमेन्समध्ये पत्ता आय ०.० असा लिहितात, डेल्टात एक्स०. एक नीट आला की दुसरा थोड्या सरावाने येतो. फक्त सिम्युलेटरवर शिकलेल्याला सेन्सरची तार पीएनपी की एनपीएन हे कळत नाही, ही त्याची मर्यादा. म्हणून एक छोटा पीएलसी, चोवीस व्होल्टचा सप्लाय, दोन बटणे, एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि एक कॉन्टॅक्टर एवढे एका फळीवर बसवून घ्यावेच.

आणि इथे जिल्ह्यातल्या संस्थांकडे वळावे लागते. इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या आयटीआय अभ्यासक्रमात कंट्रोल पॅनेलचे वायरिंग आहेच. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ नुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. म्हणजे दारे कागदावर उघडी आहेत. पण पास झालेली मुले सुरत, अंकलेश्वर, नाशिक किंवा चाकणची गाडी धरतात आणि तिथे कित्येक जण बरीच वर्षे हेल्परच्या पगारावर मशीनमध्ये माल भरतात. पॅनेलचे दार उघडणारा माणूस वेगळा असतो, आणि पगाराचा फरक त्या दारापाशीच पडतो. नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत सुरतेकडून आलेले कापड उद्योग आहेत, त्यांनाही हा दुरुस्तीवाला लागतोच, आणि तो अनेकदा बाहेरून बोलवावा लागतो.

आमची सूचना छोटी आहे. गळीत हंगाम संपला की कारखान्यात ऑफ सीझनची दुरुस्ती सुरू होते. पॅनेले उघडतात, जुनी बदलतात. बदललेले रिले पॅनेल भंगारात टाकण्याऐवजी ते जवळच्या आयटीआयला द्यावे, सोबत त्याचे ड्रॉइंगही. विद्यार्थ्यांनी ते तारेनिशी उकलावे, कागदावर उतरवावे आणि तेच काम छोट्या पीएलसीवर बसवून दाखवावे. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत आठवड्यातून एक दुपार कारखान्याच्या इलेक्ट्रिकल फोरमनने वर्गावर यावे आणि त्याला त्याचा भत्ता मिळावा. मुलांना चालू पॅनेलला हात लावू द्यायचा नाही आणि मेन स्विचला कुलूप लावल्याशिवाय दार उघडायचे नाही, या दोन अटी मात्र लेखी हव्यात, आणि त्याखाली जबाबदार माणसाची सही हवी.