टीव्ही आला, पण वीजबिल कुणी भरायचं? जिल्हा परिषदेच्या डिजिटल शाळांचा हिशेब

पाठ्यपुस्तकात धड्याच्या बाजूला छापलेला काळा-पांढरा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, आता वाडीवस्तीवरच्या पहिलीच्या पोरालाही ओळखू येतो. त्याची गोष्ट आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला असे कोड जोडले. राज्याने ती पद्धत उचलली, पुढे एनसीईआरटीनेही घेतली. 2020 च्या डिसेंबरमध्ये डिसले यांना 10 लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. जिल्ह्याचं नाव जगभर गेलं.

पण कोड स्कॅन केल्यावर पुढचा व्हिडिओ चालू व्हायला शाळेत लाइट लागते, रेंज लागते, रिचार्ज लागतो आणि चालू स्थितीतला टीव्ही लागतो. यातलं पुस्तक तेवढं सरकारकडून फुकट येतं. बाकीच्याचा खर्च कुणी करायचा, हे अजून नीट ठरलेलं नाही. डिजिटल शाळेचं घोडं तिथंच अडलंय.

22 जून 2015 ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि त्यानंतर गावोगाव लोकवर्गणीची लाट आली. कुणी टीव्ही दिला, कुणी प्रोजेक्टर दिला. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पैसे जमले, ग्रामपंचायतीनेही हातभार लावला. भिंती रंगल्या, गेटवर ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी लागली, नारळ फुटला, फोटो पेपरात आले. यात खोटं काही नव्हतं. ज्या गावाने कधी शाळेकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते गाव त्या निमित्ताने शाळेत आलं, हे मान्य करावंच लागेल. फक्त ती वर्गणी वस्तूची होती आणि एकदाच द्यायची होती. बिल मात्र दर महिन्याला येतं.

हा हिशेब सरपंचांनी, शाळा व्यवस्थापन समितीने आणि पालकांनी एकदा कागदावर मांडून बघावा. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10 हजार रुपये. 100 पर्यंत 25 हजार. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे 30 पोरांच्या शाळेकडे उरले 9 हजार, महिन्याला 750 रुपये. त्यात खडू, रजिस्टर, झाडू, फुटलेला नळ, कुलूप, स्टेशनरी आणि वीजबिल. शासकीय शाळांसाठी आता सार्वजनिक सेवा असा वेगळा वीजगट आहे, पण स्थिर आकार तिथंही चुकत नाही. मे महिन्यात शाळा बंद, पंखा बंद, टीव्ही बंद, तरी बिल येतंच. अनुदान कधी वेळेवर पडतं, कधी वर्ष संपायला आल्यावर. मग थकबाकी, मग कनेक्शन तोडलं जातं. पुष्कळ ठिकाणी गुरुजी आणि बाई स्वतःच्या खिशातून बिल भरतात आणि त्याची बातमी होत नाही.

टीव्ही बिघडला तर आणखी वेगळं दुखणं. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीला तालुक्याला न्यायचा म्हणजे टेम्पोचं भाडं, पॅनल गेलं असेल तर नव्या टीव्हीएवढा खर्च. आणि वर्गणीतून आलेल्या वस्तूची दुरुस्ती कुठल्या खात्यावर टाकायची, हा प्रश्न. म्हणून तो टीव्ही कापड टाकून कपाटावर जातो. पाटी तेवढी गेटवर राहते.

वस्तीवरची लाइट

गावठाणातल्या शाळेचं एक बरं असतं, गावठाणाचा फिडर वेगळा. पण करमाळा, सांगोला, मंगळवेढा, माढा या पट्ट्यात निम्मं गाव रानात राहतं आणि वस्तीवरच्या शाळेची लाइन बहुतेक शेतीच्या फिडरवरून आलेली असते. शेतीची लाइट कशी येते हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन दारं धरायला जातो आणि दिवसा शाळेतला टीव्ही मुका बसतो. लाइट आलीच तर व्होल्टेज असं की स्टॅबिलायझर नसेल तर टीव्हीच जळायचा. मुंबई-पुण्यात बसून डिजिटल वर्गाचं वेळापत्रक आखणाऱ्याला हे कळणं अवघड आहे.

सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज द्यायचं काम राज्यात चालू आहे. ज्या गावात प्रकल्प होतो त्या ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षांत 15 लाख रुपये देण्याची तरतूद आहे. अशा गावांनी त्यातून आधी शाळेच्या छतावर दोन-चार पॅनल टाकावेत. कमान आणि पेव्हर ब्लॉक नंतर बघता येतील.

एक मास्तर, दोन वर्ग, तिसरा टीव्ही

पैशाचा प्रश्न सुटला तरी दुसरा उरतो, आणि तो जास्त अवघड आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. वर्ग मात्र चार किंवा पाच. म्हणजे एकाच खोलीत पहिली-दुसरी, शेजारच्या खोलीत तिसरी-चौथी. त्यातला एक शिक्षक केंद्रावर मीटिंगला किंवा प्रशिक्षणाला गेला की सगळी शाळा एकाच्या अंगावर. अशा वेळी टीव्हीचं बटण दाबलं जातं. तिसरीला गणित शिकवायचं म्हणून चौथीला कविता लावून दिली. पोरं गप्प बसतात, माना वर करून बघतात, अर्धा तास निघून जातो.

शिक्षकाला यात दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या जागी कुणीही असता तर हेच केलं असतं. तरीही याला डिजिटल शिक्षण म्हणता येणार नाही. ही पोरं सांभाळण्याची सोय झाली. घरी आई भाकरी करताना बाळाच्या हातात मोबाईल देते, त्यातलाच प्रकार.

टीव्हीचा खरा उपयोग थोड्या वेळाचा असतो. चंद्राच्या कला, पोटात अन्नाचं काय होतं, समुद्र, धावती मेट्रो, हे फळ्यावर काढून समजत नाही. तिथं तीन मिनिटांचा व्हिडिओ अर्ध्या तासाचं काम करतो. मात्र तो मध्येच थांबवावा लागतो, पोरांना विचारावं लागतं, परत लावावा लागतो. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं आहे. त्यातला सोलापूरचा नकाशा मोठा करून दाखवला आणि भीमा कुठून आली, सीना कुठं मिळाली, आपलं गाव कुठं, हे बोट लावून शोधायला लावलं तर पोरं जागची हलत नाहीत.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात कितीतरी मुलांच्या घरी कानडी बोलतात, तांड्यावर गोरमाटी बोलतात. मराठी शाळेत आलेल्या अशा मुलाला टीव्हीतली भरभर बोलणारी पुस्तकी मराठी डोक्यावरून जाते. तिथं आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवायचं आणि पोरांनाच काय चाललंय ते सांगायला लावायचं. आधी त्यांच्या बोलीत, मग मराठीत. याला जास्तीचा खर्च एक रुपयाही लागत नाही, पण शिक्षक वर्गात हजर लागतो.

आणि शिक्षक वर्गात किती असतो? हजेरीचं अॅप, पोषण आहाराचं अॅप, सरल, यू-डायस, शालार्थ, वर रोज एखादी नवी लिंक. ‘आजच भरा, तातडीचे’ असा मेसेज ग्रुपवर पडला की हातातला खडू खाली. शाळेत तंत्रज्ञान सगळ्यात जास्त कशासाठी वापरलं जातं असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच येईल, माहिती वर पाठवायला. शिकवायला त्यातलं उरतं ते फार थोडं. रेंजसाठी गच्चीवर चढलेले गुरुजी हे दृश्य आता कुणाला नवं वाटत नाही.

इंटरनेट नसलं तरी काम अडू नये यासाठी वाट आहे. दीक्षा अॅपवरचे व्हिडिओ आधी डाउनलोड करून ठेवता येतात. तालुक्याला आल्यावर आठवड्याचं सामान भरून न्यावं तसं शिक्षक ते भरून नेऊ शकतात. यूट्यूबवरून थेट लावण्यापेक्षा हे कधीही बरं, कारण धड्याच्या मध्येच रमीची जाहिरात लागली तर चौथीच्या पोरांना काय सांगणार?

लॉकडाऊनमध्ये काय चाललं हे आठवलं तर बऱ्याच गोष्टी साफ होतात. 2020 मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत मोबाईलवर अभ्यास गेला आणि ज्या घरात एकच फोन होता, तोही बापाबरोबर कामावर जायचा, त्या घरातली पोरं मागं पडली. सोलापूर शहरात नीलमनगर भागात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत, तिथल्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. येता-जाता पोरं वाचत होती. सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ लागायची, तिला रिचार्ज लागत नव्हता आणि अंगणातल्या वस्तूंनी करायचे उपक्रम त्यात असायचे. ज्याच्याकडे काही नाही त्याच्यापर्यंत काय पोहोचेल, हा विचार दोन्हीकडे आधी केला होता. आताच्या योजनांत नेमका तो मागं राहतो.

मोबाईल आता घरात आला, हे खरं. असरच्या 2024 च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना विचारलं होतं. 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यातल्या 57 टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामाला वापरला होता आणि 76 टक्के मुलांनी सोशल मीडियाला. म्हणजे फोन चालवायला शाळेने शिकवायची गरज राहिलेली नाही. तो कशाला चालवायचा, हे शिकवायचं राहिलंय. शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. पोरं पुस्तक घेऊन बसतात की नाही हे बघायला सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या. असं गाव एका बाजूला आणि शाळेत टीव्ही हवा म्हणून वर्गणी काढणारं गाव दुसऱ्या बाजूला, यात विरोध काही नाही. पडदा किती वेळ आणि कशासाठी, हे दोन्हीकडे मोठ्या माणसांनीच ठरवायचं आहे.

पटाची भीती यामागे आहेच. इंग्रजी माध्यमाची पिवळी व्हॅन वस्तीवर येऊन पोरं उचलून नेते आणि जिल्हा परिषदेची शाळा ‘आमच्याकडेही टीव्ही आहे’ म्हणून पालकांना थांबवू बघते. पट 20 च्या खाली गेला की शाळा बंद होणार, दुसऱ्या शाळेत मिळवणार, ही चर्चा सुरू होते. त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते ऊसतोडीला जाणाऱ्याच्या आणि शेतमजुराच्या मुलीचं, कारण दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेत तिला एकटीला कुणी पाठवत नाही. म्हणून टीव्ही नुसता दाखवायला ठेवून भागणार नाही.

ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून ठरायला लागतो. वित्त आयोगाच्या निधीतला बंधनमुक्त भाग आणि घरपट्टीतून येणारा स्वनिधी, दोन्हीचा विचार तिथंच होतो. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के पालक असतात, त्यातल्या निम्म्या बाया. या समितीने ठराव करून वर्षाचं वीजबिल, एक स्टॅबिलायझर आणि दुरुस्तीची रक्कम एवढं लेखी मागावं आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून पोच घ्यावी. मागच्या वर्षी किती महिने कनेक्शन बंद होतं, हेही त्याच अर्जात लिहावं.