ठिपके गेले, रोग गेला नाही

हॉटेलात, दवाखान्यात किंवा मोठ्या कचेरीत शिरले की दारातच काचेची टाकी दिसते. आत समुद्राचे रंगीत मासे. टाकी मालकाची असते, कौतुक पाहुणे करतात. पण पाणी बदलणे, काच घासणे आणि मासे जगवणे हे काम करणारी मुले आपल्यासारख्या घरांतली असतात. मासा मेला की पहिला जाब त्यांनाच द्यावा लागतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाच्या पगारातून मेलेल्या माशांचे पैसे कापले गेले. आठ दिवसांपूर्वी बरे झालेले मासे एकाएकी कसे मेले, हे त्याला सांगता येईना. ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्यावर दोष ढकलणे सोपे असते. म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

खाऱ्या पाण्यातील माशांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके येतात. मासा अंग दगडावर घासतो, जोरजोराने श्वास घेतो, खाणे सोडतो. हा रोग क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या सूक्ष्म परोपजीवीमुळे होतो. जपानमध्ये १९३७ साली त्याचे वर्णन झाले व १९५१ साली त्याला हे नाव मिळाले. माणसाला तो होत नाही. गोड्या पाण्यातील माशांनाही पांढरे ठिपके येतात, परंतु तो जीव वेगळा. त्यामुळे पाणी गरम करण्यासारखे तिकडचे उपाय येथे चालत नाहीत.

हा जीव जगतो कसा?

सगळी गोम येथेच आहे. हा जीव माशाच्या कातडीत व कल्ल्यांत साधारण ३ ते ७ दिवस राहून पोट भरतो. मग आपण होऊन मासा सोडतो, तळाशी जातो आणि दगडाला, वाळूला किंवा काचेला चिकटून भोवती कवच करतो. कवचाच्या आत एकाचे दोन, दोनाचे चार असे करीत दोनशेपर्यंत जीव तयार होतात. ३ ते २८ दिवसांत बहुतेक कवचे फुटतात. क्वचित ७२ दिवसांनंतरही फुटल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या जीवांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतात.

आता हिशेब करा. माशावर दहा ठिपके होते. पाचव्या दिवशी ते नाहीसे झाले. मालक खूश, दुकानदार म्हणतो औषध लागू पडले. पण ते दहा जीव तळाशी कवचात बसलेले असतात आणि त्यांतून दोन हजार बाहेर पडू शकतात. दुसऱ्या फेरीत ते कल्ल्यांत शिरतात आणि मासा गुदमरून मरतो. ठिपके जाणे ही रोगाची फक्त एक पायरी असते. तेथे औषध थांबवले की दुसरी फेरी ठरलेलीच.

माशावर आणि कवचात असताना या जीवाला औषध फारसे लागत नाही. पाण्यात मोकळा पोहत असतानाच तो मरतो. म्हणून उपचार दिवस मोजून, पूर्ण मुदतीचा करावा लागतो. खाद्यात लसूण घालणे किंवा सफाई करणारी कोळंबी सोडणे, याने रोग समूळ जात नाही. यूव्ही दिवा पाण्यातील जीव कमी करतो, संपवत नाही.

दोन टबांचा उपाय

सर्वांत कमी खर्चाचा उपाय औषधाविना होतो. प्लॅस्टिकचे दोन टब, दोन एअर स्टोन आणि माशाला लपायला पाइपचे तुकडे एवढेच लागते. मासा पहिल्या टबात ७२ तास ठेवावा. मग तेवढ्याच खारटपणाचे व तेवढ्याच तापमानाचे ताजे पाणी भरलेल्या दुसऱ्या टबात हलवावा. पहिला टब, स्टोन, जाळी धुऊन कडकडीत वाळवावी. अशा चार फेऱ्या, एकूण १२ दिवस. माशावरून पडलेले जीव कवच फोडण्याआधीच मासा तेथून निघालेला असतो. जुने पाणी मात्र बरोबर नेऊ नये, आणि ७२ तासांचे ८० होऊ देऊ नयेत.

मोरचूद जपून

दुसरा उपाय तांब्याचा, म्हणजे मोरचुदाचा. एक लिटर पाण्यात ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे एवढे प्रमाण किमान तीन आठवडे सतत राखावे लागते. कमी पडले तर रोग जगतो, जास्त झाले तर मासा मरतो. एक ग्रॅम मोरचुदात सुमारे २५० मिलिग्रॅम तांबे असते. ते १२५० लिटरला पुरते! ६० लिटरच्या टाकीत चिमूटभर टाकणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. तयार औषधांत तांब्याचे स्वरूप निराळे असते, म्हणून त्यांचे प्रमाण लेबलाप्रमाणे घ्यावे आणि टेस्ट किटने रोज मोजावे. हा उपचार वेगळ्या टाकीतच करावा. कोळंबी, शंख, प्रवाळ तांब्याने मरतात, शिवाय दगड व वाळू तांबे शोषून घेतात.

ठिपक्यांऐवजी अंगावर बारीक धुळीसारखा थर आला आणि मासा धापा टाकू लागला, तर तो वेल्व्हेट नावाचा दुसरा रोग समजावा. तो एक-दोन दिवसांतही मासे मारतो. तेथे टबांवर विसंबू नये. वेगळ्या टाकीत तांब्याचा उपचार लगेच सुरू करावा.

मूळ टाकीचे काय?

मासे बाहेर काढले तरी कवचे टाकीत असतातच. म्हणून मूळ टाकी ७६ दिवस माशांशिवाय चालू ठेवावी. कोळंबी व प्रवाळ आत राहू शकतात. मालकाला एवढा काळ रिकामी टाकी नको असते. त्याला हे गणित आधीच समजावून सांगा. महात्मा जोतिबा फुले मंडईतून किंवा कुर्ल्याहून आणलेला नवा मासा थेट टाकीत न सोडता महिनाभर वेगळा ठेवला, तर हा सगळा खर्च बहुधा टळतो.

काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. दिवसात पाच टाक्या करताना एकच बादली व एकच जाळी फिरवली तर रोग आपणच वाटत सुटतो. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी ठेवा. नाही जमले तर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

आणि स्वतःला जपा. खाऱ्या पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर व पंपाचे बटण बंद करा. फॉर्मेलिन वापरायला सांगितले तर बंद खोलीत, उघड्या हाताने वापरू नका. त्याने कर्करोगाचा धोका असतो. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. टाकीतल्या एका जंतूमुळे हातावर लवकर न भरणाऱ्या गाठी येतात. तसे झाल्यास डॉक्टरांना आपण माशांच्या टाकीचे काम करतो हे आवर्जून सांगा.

शेवटी, चाळीस पानी वही घ्या. नवा मासा कधी आला, कोणी सोडायला सांगितला, ठिपके कधी दिसले, औषध किती व कधी दिले, मोजमाप काय आले, हे तारखेसह लिहा. पगार कापायची भाषा होईल तेव्हा तोंडी बोलणे उपयोगी पडत नाही. ती वही मालकापुढे ठेवता येते. शिवाय पुढच्या वेळी काय चुकले आणि काय साधले, हेही त्याच वहीत सापडते.