जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय

बँकेत असताना माझ्या टेबलावर प्रकल्प अहवालांची चळत असे. कोकणातल्या एका शाखेत एका लॉजच्या कर्जासाठी असाच एक देखणा अहवाल आला. वाचता वाचता मध्येच एक वाक्य भेटले : ‘पक्ष्यांच्या मरतुकीचे प्रमाण पाच टक्के धरले आहे.’ सल्लागार महाशयांनी कुक्कुटपालनाचा जुना अहवाल लॉजला चढवला होता. पक्ष्यांचे पाहुणे करायचे एके ठिकाणी तेवढे राहून गेले! मी पोट धरून हसलो. पण तेव्हापासून एक नेम केला. जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही.

गेल्या वर्षी माझ्या बहिणीची नात पर्यटनाच्या पदवीचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेऊन आली. काळे पुठ्ठे, सोनेरी अक्षरे, विषय सिंधुदुर्गातले पर्यटन. १९९७ साली जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, इथपासून सगळे यथास्थित होते.

‘‘मालवणला कधी गेली होतीस?’’ मी विचारले.

‘‘नाही गेले आजोबा. सर म्हणाले, जायची गरज नाही. ऐंशी पाने भरली पाहिजेत.’’

मला ते पाच टक्के पक्षी आठवले.

करता करता शिकणे ही कल्पना काही कालची नव्हे. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हस्तोद्योगातून शिक्षण, हे तिचे सूत्र. मुलाने काढलेले सूत तुटले, तर ते सूतच त्याला नापास करते. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. धोरण उत्तमच आहे. पण श्रेयांक पुठ्ठ्याला द्यायचे की पायपिटीला, हे ठरायचे आहे.

मी तिला एवढेच म्हणालो, ‘‘अगं, जिल्हा सोड. एक घर धर. तिथे येणाऱ्या पाहुण्याच्या शंभर रुपयांतले घरात किती राहतात, ते शोध.’’

मे महिन्यात ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मालवणला गेल्या. पर्यटकांना राहायला-जेवायला ठेवणाऱ्या एका काकींकडे आठ दिवस राहिल्या. काकींचा हिशेब भिंतीवरल्या कॅलेंडरच्या चौकटींत होता. पोरींनी तो वहीत उतरवला. सुरमईचा भाव, गॅस, मदतीला ठेवलेल्या बाईची मजुरी, खोली भरून देणाऱ्या एजंटाचे कमिशन, असे एकेक कलम लिहिले. बेरीज झाली तेव्हा सगळ्याच जणी गप्प झाल्या. घर ओसंडून वाहत होते त्या मे महिन्यात काकींच्या हाती डिसेंबरपेक्षा कमी पैसे राहत होते. सुट्टीत मासळीचे भाव चढत होते, जेवणाचा दर मात्र वर्षभर तोच होता.

‘‘माका वाटला, घर भरला म्हणजे पैसो गावलो!’’ काकी म्हणाल्या.

दर बदलावा का, यावर दोन दिवस चर्चा झाली. पोरींना आता पळवाट नव्हती. आकडा चुकला असता, तर तोटा काकींचा होता. पर्यटनाच्या शिक्षणात हीच जबाबदारी मला मोलाची वाटते. या विद्यार्थ्यांना पुढे दुसऱ्याच्या गावावर, पाण्यावर आणि चुलीवर आपला धंदा उभा करायचा असतो.

शिक्षकांची अडचण मला कळते. साठ मुले, एक मार्गदर्शक, प्रवासखर्चाला तरतूद नाही. पण मालवणच गाठले पाहिजे असे कुठे आहे? २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. शिवनेरी, लोहगड, प्रतापगड, पन्हाळा. कोणाच्या ना कोणाच्या कॉलेजापासून एस.टी.च्या अंतरावर एखादा असेलच. रविवारी पायथ्याशी किती गाड्या लागतात, कचरा कुठे जातो, ताकवाल्या आजींना पाणी कुठून आणावे लागते, हे मोजायला वही-पेन्सिल पुरते. ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावी, म्हणजे दरसाल पुन्हा श्रीगणेशा नको. आणि थोडे गुण ज्यांच्यासाठी काम केले, त्या गावकऱ्यांच्या हाती असावेत.

पोरींचा नवा अहवाल एकवीस पानांचा झाला. कॉलेजने पाने कमी म्हणून गुण कापले. नात हिरमुसली. पण दिवाळीच्या सुट्टीत काकींचा फोन आला : गर्दीच्या दिवसांचा दर त्यांनी वेगळा केला होता, आणि कॅलेंडर सोडून आता वही घातली होती.

त्या अहवालावर मी डोळे मिटून सही केली असती.