पिशवीचं तोंड

पावसाळ्यात कर्जत-खालापूर पट्ट्यात चिवड्याचं पाकीट फोडलं की ते किती वेळ कुरकुरीत राहतं? माझ्या अंदाजाने एक चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत. त्यानंतर जे उरतं त्याला चिवडा म्हणणं ही निव्वळ सवय. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी येते. आठवडाभर पुण्यात एसी ऑफिसात बसून शनिवारी खालापूर तालुक्यातल्या घरी आलं की हा फरक लगेच जाणवतो.

तर आजचा विषय आहे पिशवीचं तोंड बंद करायचा चिमटा. हसू नका. (हसलात तरी चालेल, पण वाचा.)

आधी त्या पाकिटाकडे नीट बघा. वेफर्सचं पाकीट म्हणजे एक साधा कागद नव्हे. बाहेर छपाईचा थर, मध्ये ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप दिलेला थर, आत उष्णतेने चिकटणारा थर. आत हवेच्या जागी नायट्रोजन, म्हणजे तेल खवट होऊ नये. मायक्रॉनच्या हिशेबात केलेलं हे काम आहे आणि ते करणारे लोक हुशार आहेत. मग ते पाकीट आपल्या हातात येतं, आपण ते दाताने फाडतो, अर्धं खातो, आणि उरलेल्याला बायकोच्या किंवा बहिणीच्या केसांचा रबर लावतो. त्या क्षणापासून सगळं इंजिनिअरिंग तोंडापाशी येऊन थांबलेलं असतं. पाकिटाच्या अंगातून दमट हवा फारशी आत जात नाही, ती जाते तोंडातून. पाण्याची वाफ तळलेल्या पिठात शिरते, त्यातल्या स्टार्चच्या साखळ्या सैल करते आणि काडकन तुटणारा पदार्थ वाकायला लागतो. बस, एवढंच.

मला म्हणायचंय ते असं: पिशवी बंद करायची सोय पिशवीच्या बाहेर असावी, वेगळी असावी आणि आपल्या मालकीची असावी. हल्ली पाकिटातच झिप बसवून मिळते, ती मला पटत नाही. का, ते सांगतो. पण त्याआधी थोडं आजीबद्दल, कारण ही अक्कल मूळची तिची.

आमच्याकडे भात पिकतं. कर्जतला भाताचं जुनं संशोधन केंद्र आहे, कर्जत-३, कर्जत-७ अशी तिथल्या वाणांची नावंच आहेत. भात वाळवून गोणीत भरायचं आणि गोणीचं तोंड दाभणाने सुतळी घालून शिवायचं. मी लहानपणी घाईघाईत दोन टाके मारायला गेलो की आजी म्हणायची, "अरे, तोंड आधी दुमड, मग शीव." दोन्ही कोपऱ्यांना कान काढायची, म्हणजे गोणी उचलायला पकड मिळते. आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळी टाके उसवून तीच सुतळी, तेच दाभण, तीच गोणी पुन्हा. गोणी फाटली तर गोणी बदलायची, दाभण तेच. गिरणीत मशीनने शिवलेली गोणी आली तेव्हा आम्हा पोरांना मजा वाटायची, कारण तो साखळी टाका असतो. बरोबर टोक धरून ओढलं की सगळी शिवण एका झटक्यात सर्रकन उसवते. पण तो दोरा मग फेकायचाच. सोय वाढली आणि दोरा एकदाच वापरायचा झाला. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या धंद्यात याला लूज कपलिंग म्हणतात. दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतवायच्या नाहीत की एक मेली की दुसरीही मेली. पिशवीचं आयुष्य आठ दिवसांचं, बंद करणाऱ्या वस्तूचं आठ वर्षांचं असू शकतं. मग लांब आयुष्याची वस्तू छोट्या आयुष्याच्या वस्तूला कायमची कशाला चिकटवायची? झिपवालं पाकीट नेमकं हेच करतं. पोहे संपले की झिपही कचऱ्यात.

बरं, ती झिप चालते का? सुक्या मेव्याला चालते. बेसन, मैदा, दळलेली कॉफी, मसाला यांना विचारा. झिपच्या खाचेत पीठ अडकतं, तीन दिवसांनी एका कोपऱ्यात लागते आणि दुसऱ्या कोपऱ्यात लागत नाही, आणि आपण बोट फिरवून "लागली" असं स्वतःला सांगतो. शिवाय झिपच्या वरची पट्टी आधी कापायला लागते. ती बोटभर लांबीची कापलेली पट्टी कुठे जाते? कचरा वेचणारी बाई तिला वाकत नाही, कारण तिचं वजन काहीच नाही. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा असाच हरवतो.

आता बाहेरून बंद करायची साधनं. यात आपली घरं अत्यंत श्रीमंत आहेत.

रबरबँड: लंडनच्या स्टीफन पेरीने १८४५ मध्ये याचं पेटंट घेतलं. मला आदर आहे, पण कोकणपट्टीच्या हवेत रबर दोन उन्हाळे काढत नाही. आधी चिकट होतो, मग पाकिटालाच बसतो आणि ओढला की तुटतो. शिवाय तो तोंडाची मोळी करतो, म्हणजे मध्ये चुण्यांची असंख्य बारीक भोकं. मुंगीला दार उघडंच.

कपड्यांचा चिमटा: स्प्रिंगवाल्या चिमट्याचं पेटंट १८५३ चं, अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथचं. घरात असतोच, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. दोष असा की तो जेमतेम एक सेंटिमीटर जागा दाबतो, बाकी तोंड आपलं उघडं. वर आमच्याकडे स्प्रिंगला पहिल्याच पावसाळ्यात गंज, आणि लाकडी असेल तर लाकूड काळं.

बाईंडर क्लिप: १९१५ चं पेटंट, वॉशिंग्टनचा लुई बाल्ट्झली. हस्तलिखिताचे कागद एकत्र राहावेत म्हणून केलेली वस्तू. आयटीवाल्यांच्या घरी ही ऑफिसातून "आपोआप" आलेली असते. दाब जबरदस्त. पातळ पाकीट मात्र कधी कधी कापते, आणि हीसुद्धा गंजते.

लांब पट्टीचा चिमटा: दोन पट्ट्या, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला खटका. नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर २०२० मध्ये आयकिया उघडलं तेव्हापासून आमच्या ऑफिसातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत हे रंगीत चिमटे दिसतात. भांड्यांच्या दुकानातही मिळतात. धातू नाही म्हणून गंज नाही, आणि पट्टी तोंडाच्या पूर्ण रुंदीवर दाबते. माझं मत याला.

पण चिमटा कुठलाही असो, खरं काम घडी करते. हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तोंड नुसतं चिमटलं तर हवेला आत जायला दोन-चार मिलिमीटरचं अंतर पार करायचं असतं. आधी हवा दाबून काढली, मग बोटबोटभर रुंदीच्या तीन घड्या घातल्या, तर तेच अंतर कित्येक पटीने वाढतं आणि वाटही चपटी होते. चिमट्याने फक्त ती घडी उलगडू द्यायची नाही. आजीचं "आधी दुमड" ते हेच.

(पाकिटाचे दोन कोपरे आत मुडपून, वरून गुंडाळून, कोपरे उलटे करून बिनचिमट्याची घडी घालतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. चालते ती. टेबलावर. सॅकमध्ये टाकून अर्धा तास चाला आणि मग सांगा.)

सॅकचा विषय निघालाच आहे तर मुद्द्यावर येतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून आमच्याकडे जी गर्दी येते त्यात मी तुम्हाला बघत असतो. भिवपुरीचा धबधबा, खोपोलीचा झेनिथ, पेठचा कोथळीगड. येताना द्रुतगती मार्गावर खालापूरच्या फूड मॉलला गाडी थांबते, वेफर्स, चिवडा, शेव यांची पाकिटं घेतली जातात. गाडीत एक फुटतं, वर चढताना दुसरं. आणि मग पाऊस येतो.

अर्धं राहिलेलं उघडं पाकीट पावसात हातात धरलेल्या माणसाचं काय होतं, ते मी खूपदा पाहिलंय. सॅकमध्ये टाकलं तर सांडणार, तेल सगळ्या कपड्यांना. हातात धरलं तर दोरी, खडक धरता येत नाही. आतला माल तसाही मऊ पडलाय. तो इकडेतिकडे बघतो आणि पाकीट कारवीच्या झुडपात जातं. हा माणूस दुष्ट नसतो. बरेचदा चांगल्या कंपनीत कामाला असतो, घरी ओला-सुका कचरा वेगळा करतो. त्याच्याकडे त्या क्षणी पाकीट बंद करायला काही नसतं, एवढंच. पूर्ण रिकामं पाकीट तरी घडी करून खिशात जातं. पूर्ण भरलेलं तर परत जातंच. डोंगरावर राहतं ते अर्धवट खाल्लेलं. पुढच्या वेळी खाली उतरताना बघा, किती पाकिटांच्या आत लगदा झालेला माल असतो ते.

आणि ते तिथे राहत नाही हो. कर्जतचं पाणी उल्हास नदीत जातं, खोपोलीचं पाताळगंगेत. उल्हास पुढे बदलापूरवरून कल्याणकडे जाते आणि वाटेत कितीतरी शहरं तिचं पाणी पितात.

याला सरकार काय करतंय, असं कोणी म्हणेल. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांत पुनर्वापर न होणारं अनेक थरांचं प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं असं लिहिलं होतं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, मोठा गाजावाजा झाला, आणि त्याच महिन्यात केंद्राने त्या नियमाचे शब्द बदलले: ज्याचा पुनर्वापर होत नाही, किंवा ज्यातून ऊर्जा मिळवता येत नाही, किंवा ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही, असं प्लॅस्टिक. आता जाळलं की कशातूनही थोडी ऊर्जा निघतेच! जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीच्या यादीत स्ट्रॉ होते, कान कोरायच्या काड्या होत्या, वेफर्सचं पाकीट नव्हतं. आमच्या गावात या पाकिटांचं काय होतं? चुलीत जातात. म्हणजे नियमाप्रमाणे ऊर्जा मिळाली म्हणा.

तेव्हा चिमट्याने हा प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. पाकीट कशाचं करायचं ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती त्याच्या गळ्यातच राहिली पाहिजे. म्हणून तर मला झिप खटकते. पाकिटात अजून एक प्लॅस्टिकची पट्टी वाढवायची, वर "पुन्हा बंद करता येते" म्हणून दोन रुपये जास्त लावायचे आणि पर्यावरणाचं हिरवं पान छापायचं, हे प्रॉडक्ट मॅनेजरचं डोकं आहे. मी अशा मीटिंगा पाहिल्यात.

"डब्यात का नाही ओतत?" हा आईचा प्रश्न. घरात डबा उत्तमच, वाद नाही. पण डब्यात ओतलं की पाकिटावरची तारीख जाते. मग सहा महिन्यांनी तीन डबे उघडून वास घेत बसायचं, हे बेसन कधीचं? पाच किलोची पिठाची पिशवी डब्यात मावत नाही, भाड्याच्या वन-बीएचकेत डबे ठेवायला फळी नाही, आणि स्टीलचा डबा घेऊन कोथळीगड कोणी चढत नाही.

"मग आता चिमट्यांचं प्लॅस्टिक विकत घ्यायचं का?" हा प्रश्न चांगला आहे. तीस चिमट्यांचा संच घेऊ नका. आमच्या घरी सहा आहेत आणि एका वेळी चार लागतात. कारण पाकिटं एकदम दहा फोडायची नसतात. चिमटे संपले की नवं पाकीट फोडायचं नाही, असा नियम आमच्याकडे आपोआप पडलाय. लॉक मिळालं नाही तर थ्रेडने थांबायचं, तसं.

फूड मॉलला मागच्या महिन्यात मी चौकशी केली. चिक्की होती, चार्जरची केबल होती, गाडीत लटकवायचे गणपती होते, मोबाइलचं स्टँड होतं. चिमटा म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कपडे कुठं वाळत घालणार, साहेब?" मी त्याला सांगितलं काय ते. तो म्हणाला, आम्ही फुटलेल्या पाकिटाला सेलोटेप लावतो, देऊ का?

माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात दोन लांब चिमटे कायम असतात. एक निळा, एक पांढरा. पांढऱ्याचा खटका सैल झालाय, त्याला फक्त शेव देतो.